दोन बोटांचा उंचवटा

मुंगीपासून महानगरपालिकेपर्यंत कोणालाही काहीही शिकवता येते, फक्त शिकवणाऱ्याला घाई असता कामा नये, असे मनापासून मानणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या यजमानांचा मावसभाऊ निघाला. नात्याने ते माझे धाकटे दीर. म्हणून मी त्यांना भावजी म्हणत असे. घाटकोपरच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत, आणि तेही फक्त पहिल्या वर्षाला. वरच्या वर्गांचे तास त्यांना देऊ केले गेले होते. ते त्यांनी नाकारले. "वरच्या वर्गात नुसते आजार असतात, वहिनी," ते म्हणत. "पहिल्या वर्षाला धडधाकट मन असतं. जाणीव, शिकणं आणि आठवण. एवढं ज्याला समजलं त्याला बाकीचं कशाला हवंय?" लग्न त्यांनी केले नव्हते, दाढी ते एक दिवसाआड करत, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत. कुटुंबात त्यांचा उल्लेख 'आपला चक्रम' असा होई. त्यात माया नव्हती असे नाही. पण चक्रम माणसाचे म्हणणे कोणी मनावर घ्यायचे नसते, ही सोय त्यात अधिक होती. मला ते मत तेव्हाही मान्य नव्हते आणि आज तर मुळीच मान्य नाही. चारचौघांत बोलणे मला कधी साधले नाही, आणि लिहायला मी फार उशिरा लागले. म्हणून हे सांगायला इतकी वर्षे गेली.

जाणिवेचा धडा ते कोणालाही, कुठेही, न मागता देत. दूधकेंद्राच्या रांगेत, बँकेत, देवळाबाहेर चपला काढताना ते शेजारच्या अनोळखी गृहस्थाला विचारत, "तुमच्या मनगटाला घड्याळाचा पट्टा टोचतोय, हे आत्ता जाणवत होतं का?" गृहस्थ गडबडून नाही म्हणत. "आता जाणवलं ना? मग इतका वेळ ती जाणीव कुठे गेली होती?" एवढे बोलून ते पुढे सरकत, आणि तो बिचारा दिवसभर मनगट खाजवत राही. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला, अक्षता पडून गेल्यावर आणि पंगत बसण्यापूर्वी, अत्यंत आपुलकीने विचारले, "तोंड मिटलेलं असताना जिभेचं टोक नेमकं कुठे टेकतं, याचा कधी विचार केलायस?" मुलाने तोवर केला नव्हता. त्यानंतर त्याने दुसरा विचारच केला नाही. घास भरवताना नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याची जीभ आधी दातांपाशी गेली, मग टाळूपाशी, मग काही काळ तोंडात जागा शोधत फिरली, आणि पाठ करून आणलेला उखाणा पहिल्या ओळीतच राहिला. मुलीकडच्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्या यजमानांना बाजूला घेऊन, मुलाच्या वाचेत काही दोष आहे का, असे दबक्या आवाजात विचारले. भावजी मागेच उभे होते. "दोष नाही हो," ते म्हणाले. "लक्ष गेलंय. उद्यापर्यंत विसरेल. विसरण्यावरच तर माणूस चाललाय."

शिकवण्याच्या बाबतीत ते माणूस आणि पक्षी असा भेद करत नसत. मुलुंडला, मिठागरांच्या बाजूच्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता. तिथल्या गॅलरीत ते रोज सकाळी पूजेची छोटी घंटा वाजवत आणि मग कठड्यावर भात ठेवत. काही आठवड्यांत कावळे भाताची वाट न बघता घंटेची वाट बघू लागले. प्रयोग उत्तम यशस्वी झाला. अडचण एवढीच, की खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूही सकाळी आरती करत, आणि आरतीला घंटा लागते. पहिल्या दिवशी घंटा ऐकून कावळे खिडकीत जमले, तेव्हा त्यांना ती देवाची कृपा वाटली. चौथ्या दिवशी त्या जिना चढून वर आल्या.

"अहो, माझा नैवेद्य नेला मेल्यांनी. शिऱ्याची वाटीच उलथी केली."

"काकू, त्यांचं काही चुकलं नाही. त्यांचं शिक्षण नीट झालंय. घंटा तुम्ही वाजवलीत."

"मग काय आता देवापुढे शिटी वाजवू?"

"चालेल," भावजी विचार करून म्हणाले. "फक्त घंटेनंतर भात मिळत नाही, हे त्यांना कळायला थोडे दिवस द्या. शिकवलेलं पुसायलाही वेळ लागतो."

काकूंनी खिडकीला जाळी बसवली. भावजींशी मात्र त्यांनी बोलणे सोडले नाही. ते कोणालाच सोडता येत नसे. त्यांचा विक्षिप्तपणा इतका सभ्य होता की रागावायला कुठे धरावे तेच कळत नसे.

आठवणीच्या बाबतीत तर ते स्वतःच एक आश्चर्य होते. भावजी लालबागच्या एका चाळीत वाढले. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. ती चाळ त्यांनी अख्खी डोक्यात ठेवली होती, आणि पुढे आयुष्यभर तिचा गोदामासारखा उपयोग केला. बाजारातून काय आणायचे ते सांगितले की ते डोळे मिटून मनातल्या मनात चाळीचा जिना चढायला लागत. "तुमची तूरडाळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. मेणबत्त्या नळावर. साबण पहिल्या खोलीत, खाटेखाली." परत येताना तीच चाळ फिरून ते प्रत्येक वस्तू बरोबर उचलून आणत. एकदा मी विचारले, "चौथ्या खोलीत तुम्ही कधीच काही ठेवत नाही, असं का?" ते गंभीरपणे म्हणाले, "तिथल्या बाईंना नेलेली वस्तू परत द्यायची सवय नव्हती, वहिनी." त्या बाई वारल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

गिरण्यांचा संप झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या आईला लालबागहून मुलुंडला आणले. त्या माझ्या मावससासूबाई. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. मावशींचे यजमान संपाच्या आधीच गेले होते, आणि मावशींची स्मृतीही एव्हाना वाटेला लागली होती. जुने सारे लख्ख होते. मालवणकडचे माहेर, विहिरीवरचा रहाट, चाळीतली भांडणे. नवे मात्र हातात टिकत नसे. मुलुंडच्या घरात त्या रोज सकाळी जाग्या होत त्या पाहुण्या म्हणून. "ह्या कोणाचा घर रे? माका घराक जावक होया," असे त्या दिवसातून कितीदा तरी म्हणत, आणि भावजी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे म्हणत, "जावया हां, आये. आधी चाय घे." मी एकदा हळहळले, तर ते म्हणाले, "तिला जायचंय ती चाळ मलाही पाठ आहे. तिचं घर आणि माझं गोदाम एकाच पत्त्यावर आहे. तिथे आता फक्त आम्ही दोघंच राहतो."

सकाळी रुळांपलीकडच्या कारखान्याचा भोंगा होई. तो ऐकला की मावशी, हातात असेल ते टाकून, उठत. गिरणीचा भोंगा आणि नवऱ्याचा डबा यांची त्यांच्या अंगात पडलेली गाठ कोणत्याही विस्मृतीने सुटली नव्हती. भाकरी तयारच असे. त्या ती घडी करून डब्यात घालत, भाजी घालत, वर कांदा ठेवत, फडक्याची गाठ मारत, आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहत. भावजी पुढे होऊन डबा घेत आणि घाटकोपरला जात. ते कोण आहेत हे मावशींना त्या क्षणी ठाऊक असे की नाही, कोणास ठाऊक. आमच्या यजमानांनी एकदा त्यांना विचारले, "अरे, तो डबा ती काकांसाठी भरते. तू कसा काय खातोस?" भावजी म्हणाले, "ज्याच्या हातात दिला त्याने खायचा. तिने कधी दुसरा हात पुढे झालेला पाहिला तर सांगा."

आता त्या घरातल्या एका गोष्टीचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये, दारापासून हातभर अलीकडे, फरशीतून दोन बोटे वर आलेली सिमेंटची एक आडवी पट्टी होती. मुळात तिथे भिंत यायची होती. बिल्डरचा विचार बदलला, भिंत गेली आणि तिची कड तेवढी राहिली. फरशीच्याच रंगाची असल्याने ती दिसत नसे. कळत असे ती अंगठ्याला. त्या घरात जो येई तो ठेचकाळे. इतर कोणी ती पहिल्याच महिन्यात फोडून टाकली असती. भावजींनी तिला प्रयोगशाळेचा दर्जा दिला. पाहुणा अडखळला की ते लगबगीने विचारत, "लागलं नाही ना?" आणि नाही म्हणताच, "छान. आता पुढच्या खेपेला बघू." कोण किती ठेचांनी शिकतो यावरून त्यांनी सगळ्या नातेवाइकांची वर्गवारी केली होती. आमचे यजमान स्वतःला चलाख समजतात; ते सावकाश शिकणाऱ्यांत निघाले. भावजींचे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते बोरिवलीला राहत आणि सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते कधीच शिकले नाहीत. दर खेपेस त्यांचा उजवा अंगठा तिथे आपटे, आणि दर खेपेस ते म्हणत, "हे फोड बाबा एकदा." भावजी मला समजावत, "दादाचं लक्ष कायम पुढच्या खोलीत असतं. पाय या खोलीत असतात." आणि मी? मी तिथे एकदाही अडखळले नाही. भावजींना त्याचे फार वाईट वाटे. "तुम्ही प्रयोगाला निरुपयोगी आहात, वहिनी. तुम्ही खाली बघून चालता."

आणि मग ती सकाळ आली. परीक्षेचे काम म्हणून भावजी त्या दिवशी भोंग्याच्या आधीच निघून गेले. मावशींजवळ दिवसभर थांबणारी बाई नेहमीच्या वेळेला, म्हणजे भोंग्यानंतर, आली. मधल्या वेळात भोंगा झाला, डबा भरला गेला, मावशी दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि डबा घ्यायला कोणीच पुढे आले नाही. तेव्हा त्यांनी जे कोणतीही शहाणी बायको करेल तेच केले. त्या डबा पोचवायला स्वतः निघाल्या. दुपारी त्या मिठागराच्या बांधावर बसलेल्या सापडल्या. पदर डोक्यावर, डबा मांडीवर. शोधायला गेलेल्यांत आमचे यजमान होते. त्यांनी डब्याला हात लावताच मावशी कडाडल्या, "हात लाव नको. तेंका भूक लागली आसतली."

पुढच्या रविवारी दादा आणि त्यांच्या पत्नी मुलुंडला आले. आम्हा दोघांनाही बोलावणे होते. दादा मनुष्य वाईट नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. ते घाबरले होते, आणि मोठ्या हुद्द्यावरचा माणूस घाबरला की व्यवस्था करायला लागतो. त्यांनी बदलापूरच्या पुढे एक आश्रम पाहून ठेवला होता. झाडी होती, स्वच्छता होती, फाटकावर माणूस होता.

"तू दिवसभर कॉलेजात," दादा म्हणाले. "उद्या ती रुळांवर गेली तर?"

"नाही जाणार. चूक माझी होती. भोंगा झाला आणि डबा घ्यायला मी नव्हतो."

"तुझी चूक, तिची चूक, तो प्रश्नच नाही रे. तिला कुठेही ठेवली तरी तिला सारखंच आहे, हे तू समजून घे. तिला हे घर आहे हेच ठाऊक नाही." आणि ते मावशींकडे वळले. "आई, हे कोणाचं घर?"

"माका काय ठावक?" मावशी म्हणाल्या. "तुमचाच आसात. बरा आसा."

"बघ," दादा म्हणाले.

"तिला ठाऊक नाही म्हणू नकोस," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "तिला जे ठाऊक आहे ते तिला सांगता येत नाही, एवढंच म्हण. सांगता येतं तेवढंच माणसाला कळतं असं असतं, तर आपण कोणी सायकल चालवली नसती."

"वर्गातलं नको सांगू यार. आईबद्दल बोलतोय आपण."

भावजींनी तयारी केली होती. काही महिने ते मावशींना एक खेळ शिकवत होते. जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एक निळी आणि एक लाल. निळीखाली गुळाचा खडा. रोज सकाळी मावशी म्हणत, हा कसला खेळ, मी कधी पाहिला नाही. आणि रोज सकाळी त्यांचा हात सरळ निळीवर जाई. भावजींनी वाट्या मांडल्या. मावशींनी दोन्ही वाट्यांकडे पाहिले, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले, आणि लाल वाटी उचलली. खाली काही नव्हते. त्यांनी वाटी पुन्हा पालथी घातली आणि भावजींना म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाबरोबर हे पोरांचे खेळ कित्याक खेळतस? वय काय रे तुझा?"

माझे यजमान हसले. हसू आवरण्यासारखे नव्हतेच. दादांच्या पत्नीनेही पदर तोंडाला लावला. भावजी टेबलाकडे बघत होते. "टेबल हललंय," ते म्हणाले. खरोखरच ते हलले होते. चहाला जागा हवी म्हणून दादांच्या पत्नीने ते फिरवून समोरच्या भिंतीला लावले होते. "रोज ती खिडकीकडे तोंड करून बसते. तिच्या हाताला बाजू ठाऊक आहे, रंग नाही. म्हणून चुकली. नुसतं टेबल हललं तर एवढं होतं, दादा. तिलाच हलवलीस तर काय होईल?"

"हे बघ, तू काहीही सिद्ध करशील," दादा थकल्यासारखे म्हणाले. "बरोबर आली तरी तुझं खरं, चुकली तरी तुझं खरं. आपण पुढच्या महिन्यापासून तिकडे नक्की करू."

भावजींनी निळ्या वाटीखालचा गुळाचा खडा उचलला आणि मुठीत धरला. कोणालाही काहीही शिकवता येते म्हणणारा तो माणूस आपल्या सख्ख्या भावाला एक गोष्ट शिकवू शकला नव्हता, आणि त्या गोष्टीवर त्याच्या आईचे घर अवलंबून होते. पाहुणीने फार वेळ बसू नये, अशा बेताने मावशी उठल्या. "बरा तर. माका घराक जावक होया. पाणी पितंय नि जातंय," असे म्हणून त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. दादा त्यांना धरायला मागोमाग उठले. "आई, सांभाळ, तिथे ते..." आणि त्यांचा उजवा अंगठा नेहमीच्या जागी आपटला.

मी खाली बघत होते. मी नेहमीच खाली बघत असते. मावशींचा पाय त्या पट्टीपाशी आला तेव्हा तो न थांबता, न चाचपता, बरोबर दोन बोटे वर उचलला गेला, पलीकडे टेकला, आणि त्यामागून दुसराही तसाच गेला. नजर त्यांची माठावर होती.

"मावशींचा पाय बघा," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकून सगळेच दचकले; सर्वांत जास्त मी. पण बोलून गेले होते. "त्या अडखळल्या नाहीत. त्या इथे कधीच अडखळत नाहीत."

दादा अंगठा हातात धरून जमिनीवर बसले होते. भावजींनी हळूच मान वर केली. रोजच्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे पहिल्या वर्षाला शिकवले होते. आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांवर डोळा ठेवणाऱ्या त्या माणसाचे लक्ष घरातल्या पायांकडे गेलेच नव्हते. ते पुटपुटले, "आणली तेव्हा पडायची. मी गवंड्याला निरोप दिला होता. तो आला नाही. मग हात धरून न्यायचो. हात केव्हा सोडला, ते..."

तेवढ्यात मावशी पेला घेऊन परतल्या. पुन्हा तोच पाय, तीच दोन बोटे, आणि पेल्यातले पाणी हललेसुद्धा नाही. भावजी म्हणाले, "आये, हय पाय कित्याक उचललंस?"

मावशींनी खाली पाहिले. जमीन त्यांना सरळच दिसली असावी. "मी खंय उचललंय? तुका नसत्यो चौकश्यो," असे म्हणून त्या दादांपाशी वाकल्या. पाण्याचा पेला त्यांनी दादांच्या हातात दिला आणि अंगठा चोळायला घेतला. "लय लागला काय? नवीन जागेत बघून चलाचा. कोणाचो रे तू?"

आईकडून अंगठा चोळून घेत दादा तसेच बसून राहिले. या घराला ती परके म्हणत होती आणि तिचा पाय मात्र या घराचा झाला होता. ते स्वतः मात्र इथे येऊन येऊन पाहुणेच राहिले होते. शेवटी ते म्हणाले, "पण मग डब्याचं काय? हा लवकर गेला तर?"

बदलापूरचा विषय तिथे संपला, हे मला त्या प्रश्नावरून कळले. आणि मी त्या दिवशी दुसऱ्यांदा बोलले. मी म्हणाले, "मी येत जाईन. आम्ही रुळांपलीकडेच तर राहतो." आमचे यजमान माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, की जणू घरातले कपाट बोलले.

मग मी जात राहिले. भावजी लवकर निघाले की भोंग्याला मी दारात उभी असे. "तू कोण गो?" मावशी विचारत. "डबा न्यायला आले, मावशी." "बरा. संभाळून ने. भाजी सांडात." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण मी डावखुरी आहे. आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आले, की मावशी डबा आता उजव्या हातात धरून पुढे करत, फडक्याची गाठ माझ्या डाव्या हाताला येईल अशी वळवून. माझे नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक झाले नाही. माझा हात त्यांना पाठ झाला होता. मी हे भावजींना सांगितले, तेव्हा त्यांनी आनंदाने टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला दिसतं. तुम्ही हा विषय घ्या." मॅट्रिकला उत्तम गुण मिळवून मी जी थांबले होते, ती चाळिशीच्या अलीकडे, त्या स्वयंपाकघरात, मावशींच्या भाकऱ्यांच्या आवाजात, बाहेरून बी.ए.ला बसले. "या वयात काय लक्षात राहणार?" असे मला बऱ्याच जणांनी विचारले. मी पास झाले.

मावशी त्याच घरात गेल्या. झोपेत, पहाटे, भोंग्याच्या आधी. त्यानंतर महिन्याभरात भावजींनी गवंडी बोलावला आणि ती पट्टी फोडून फरशी सपाट करून घेतली. मी कारण विचारले नाही. तेच म्हणाले, "आता कोणाला शिकवायचं आहे?" प्रयोगशाळा बंद झाली, पण तिथून चहाचे कप आणताना त्यांचा पाय मात्र अजूनही उचलला जात असे. माझाही जाई. आम्ही एकमेकांना तसे दाखवून दिले नाही.

वर्षश्राद्धाला दादा आले. गॅलरीच्या कठड्यावर पान वाढून ठेवले होते; घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, मावशींना आवडणारी खीर. कावळे समोरच्या झाडावर बसून होते आणि एकही येत नव्हता. गुरुजी घड्याळाकडे बघू लागले. दादा दोनदा आत-बाहेर करून आले, आणि शेवटी, जे दादांकडून मी कधी ऐकेन असे वाटले नव्हते ते, भावजींच्या कानाशी म्हणाले, "अरे, ती घंटा वाजव ना."

"नको," भावजी म्हणाले. "आज नाही. आज शिकवलेलं नको. त्यांना यायचं तर आपल्या मनाने येऊ देत. थांबू आपण."

"नाही आले तर?"

"तर थांबू."

आम्ही थांबलो. गुरुजी पुटपुटले, ऊन कठड्यावरून खाली उतरले, आणि मग एक कावळा, कोणाच्याही घंटेवाचून, पानावर येऊन बसला आणि त्याने खिरीत चोच घातली. दादांनी डोळे पुसले. "शिवला," ते म्हणाले, आणि आत आपल्या पत्नीला सांगायला वळले.

बाहेरची खोली ओलांडून ते स्वयंपाकघराकडे गेले. नजर नेहमीसारखी पुढच्या खोलीत होती. दारापासून हातभर अलीकडे, जिथे आता नुसती सपाट फरशी होती, तिथे त्यांचा उजवा पाय सावकाश, बरोबर दोन बोटे, वर उचलला गेला, आणि पलीकडे टेकला.

"वहिनी," भावजी हलकेच म्हणाले.

मी पाहिले होते. मी खालीच बघत होते.